यंत्राची तीन दिवसांची सुट्टी

मुलुंडच्या भाजी मार्केटबाहेर झेंडूचे ढीग पडले की मला अठरा अंश सेल्सिअस आठवतं. या दिवसांत कुणाला गरबा आठवतो, कुणाला श्रीखंड. आमचं हे असं. ऑक्टोबर बाहेर नुसता भाजून काढत असतो, हवा हलायला तयार नसते, फुलवाल्या बायका ढिगांवर पाणी मारत बसलेल्या असतात आणि मी पाव किलो घेऊ की नको या घोळात उभी राहून एका थंड कपाटाचा विचार करत असते. झेंडूचा वास तसा गोड नसतोच. कडवट, हिरवट, हातावर पान चुरडल्यासारखा. माझ्यापुरता त्या वासात थोडा थंडावा आहे आणि थोडी लाज आहे.

यंदा झेंडू आणि ती ईमेल एकाच दिवशी आली. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी. नाव उच्चारता येऊ नये असं, पण भाषा गोड. तुमच्या जुन्या शोधनिबंधातली कृती आम्ही वापरतो, असं तिनं लिहिलं होतं. स्फटिकांच्या थाळ्या थंड कपाटातून काढून तीन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवायच्या आणि मग परत हळूहळू थंड करायच्या. आम्ही एक दिवस ठेवून पाहिलं, जमलं नाही. दोन दिवसांत अर्धवट. तीन दिवसांत सुंदर स्फटिक मिळतात. पण तीनच का? तुम्ही हा आकडा कसा काढलात, कृपया सांगाल का?

मी मोबाईल पिशवीत टाकला आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो झेंडू घेतला.

तीनच का? बाई गं, तुला काय सांगू. नवमी, दसरा आणि रविवार.

तेव्हा मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते. पूर्व उपनगरातली एक संशोधन संस्था, मागे डोंगर, पुढे रिक्षांची रांग, मधल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. माझ्या वाट्याला आलं होतं जिवाणूंमधलं एक एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात आणि परीक्षा झाली की सगळे ते विसरतात. हे विकर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं मोडून टाकतं. आई तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून येऊन चप्पल काढता काढता म्हणायची, "आज परत एका पेशंटला औषधच लागू पडेना गं." मी म्हणायचे, "मी त्याच्याच मागे आहे." ती म्हणायची, "लवकर लाग मग." पाच वर्षं मी मागेच होते.

ते औषध मोडतं हे सगळ्यांना माहीत होतं. मोडतं कसं, ते बघायचं होतं. एवढी बारीक गोष्ट सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मग करायचं काय, तर त्या विकराचे असंख्य रेणू शिस्तीत रांगा धरून बसतील असा स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि ते विखुरून जे ठिपके उमटतात त्यांवरून गणित मांडून आत कुठला अणू कुठे बसलाय याचा नकाशा काढायचा. पण नुसत्या कात्रीचा फोटो काढून शिंपी कापतो कसा ते कळत नाही; कापड पात्यांत सापडलेलं असताना फोटो मिळायला हवा. आणि हे विकर तर पापणी लवायच्या आत कापून मोकळं होतं. म्हणून आम्ही त्याचा एक बारीकसा अवयव बदलून त्याला जरा अधू केलं होतं. औषधाला ते धरणार, पण सोडता येणार नाही. मधेच अडकणार. काम मधेच थांबलं की काम दिसतं, असा सगळा मामला.

अधू विकर तयार होतं. अठरा अंशांवरच्या थंड कपाटात स्फटिक मात्र येत होते ते कोबीच्या कात्रणासारखे. पातळ, एकात एक घुसलेले, नकाशा काढला तर सगळा धुरकट.

या सगळ्या काळात माझ्या जीवनात दोन माणसं होती. एक माझे मार्गदर्शक सर, ज्यांना मी दर सोमवारी काही झालं नाही असं सांगायचे. दुसरे परब काका, ज्यांना ते सांगावं लागत नसे.

परब काका आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. काचसामान धुणं, निर्जंतुक करणं, पाण्याचे कॅन भरणं, सगळं त्यांच्याकडे. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः लहानपणापासून मुंबईत. तरी बोलणं मालवणी वळणाचं राहिलं होतं. बारा वर्षं एका एजन्सीच्या कंत्राटावर होते. स्फटिक वाढवायचा थेंब एका चिमुकल्या गोल काचेला खाली लोंबकळता ठेवावा लागतो. त्या काचेवर धुळीचा कण बसला तर वाट लागते. त्या काचा काका एकेक करून, उजेडाकडे धरून पुसत. इतर कुणी पुसलेली काच मी वापरत नसे. त्यांना एकदा सूक्ष्मदर्शकातून थेंब दाखवला, तर डोळा न हलवता म्हणाले, "ही तर खडीसाखर गो!" तेव्हापासून रोज सकाळी विचारत, "काय गो, बसली काय तुझी खडीसाखर?"

"बसतेय, काका. पण भुगा बसतोय."

"बसात. पाकाक घाई करून चालत नाय."

त्या वर्षी संस्थेत एक बातमी होती. दोन कंत्राटी अटेंडंटना कायम करणार होते आणि विभागांनी दिवाळीच्या आत नावं सुचवायची होती. आमच्या विभागाचं नाव सरांच्या हातात होतं. परब काकांशिवाय दुसरं कुणाचं नाव असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. काका बोलून दाखवत नसत, पण त्या महिन्यात ते नवीन शर्ट घालून यायला लागले होते. "काय काका, झकास!" असं माझी मैत्रीण रेश्मा म्हणाली की लाजायचे.

आणि मग नवरात्र आलं. रोजच्या रंगाचे कपडे घालून पोरी यायच्या. मी कधी ते पाळलं नाही, पण चुकून हिरवा कुर्ता घातला की रेश्मा ओरडायची, "आली बघा, आली लाईनवर!" खंडेनवमीची वाट मात्र सगळी प्रयोगशाळा बघायची, कारण ती पूजा परब काकांची होती.

त्यांच्या वडिलांच्या गिरणीत खंडेनवमीला साचे, म्हणजे माग, बंद ठेवत. "मालकाची पण हिंमत नाय हात लावूची," काका सांगत. "माणसाक रविवार असता. मशिनीन काय पाप केल्यान?" म्हणून काका दर खंडेनवमीला एकूण एक यंत्र ओल्या फडक्यानं पुसत, हळदीकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि बटण बंद करत. सुट्टी संपून काम सुरू होईपर्यंत यंत्राला आराम. आता प्रयोगशाळेत हे कसं चालावं? सगळं बंद केलं तर फ्रीजमधलं सारं नासेल. म्हणून फार वर्षांपूर्वी एक तोडगा निघाला होता. ज्याचं यंत्र चालू राहायला हवं त्यानं आदल्या दिवशी बटणावर पाटी अडकवायची: चालू ठेवा. हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, लाल स्केचपेननं लिहिलेली. पाटी दिसली की काका फक्त फूल ठेवून पुढे जात. पाटी नसली की बंद. यात कधी चूक झाली नव्हती. पाटी ज्याची त्यानं लावायची, हा कायदा.

माझ्या टेबलापाशी आले की दरवर्षी विचारत, "तुझ्या हय कुंकू नको ना गो?" आमच्या घरी पूजाअर्चा नाही हे त्यांना माहीत होतं. "नको, काका." "मगे नुसता फूल ठेवतंय. फुलाक काय हरकत?" फुलाला काही हरकत नसायची. पण पहिल्या वर्षानंतरही त्यांनी विचारणं सोडलं नाही, याचं मला तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. आज वाटतं.

आमचा दसरा मोठा असतो, पण वेगळा. पांढरी साडी, डबे, चादरी, आणि विहारातल्या लोकांनी मिळून केलेली नागपूरची बस. दीक्षाभूमीवर जायचं आईनं बरीच वर्षं ड्युटीपायी चुकवलं होतं. त्या वर्षी तिला रजा मिळाली आणि ती म्हणाली, "तू पण यायचं, तुझे जिवाणू काय पळून जात नाहीत." मी जुनी पाटी फाटली म्हणून नवी लिहायला घेतली होती, शाई वाळायला टेबलावर ठेवली होती, तेवढ्यात तिचा फोन. बस तासभर आधी सुटतेय, अगं निघ! मी टेबलावरचं सगळं एका हातानं बॅगेत लोटलं आणि धावले.

नागपूरला, दसऱ्याच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यांच्या त्या अफाट समुदायात बसून डबा खाताना मी रुमालासाठी बॅगेत हात घातला आणि हातात पुठ्ठा आला. चालू ठेवा. चपातीचं तेल लागून एक कोपरा पारदर्शक झाला होता.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही."

मोबाईलवर आदल्या दिवशीचा एक मिस्ड कॉल होता, परब काकांचा. सकाळीच बघितला होता, दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला केला असेल म्हणून सोडून दिला होता. आता लावायला गेले तर त्या गर्दीत रेंजच मिळेना. आणि खरं सांगते, संध्याकाळी बसमध्ये रेंज आली तेव्हाही मी लावला नाही. मनाची समजूत घातली, काका शहाणे आहेत, एवढं महत्त्वाचं कपाट कशाला बंद करतील? ज्या माणसाच्या हातून बारा वर्षं एकही चूक झाली नाही, त्यानं या एका वेळी कायदा मोडावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा काकांनी बटणं चालू केली होती. कपाट घुं घुं करत पुन्हा थंड होत होतं. वर झेंडूचं एक सुकलेलं फूल. हळदकुंकू नाही. मी थाळ्या काढून एकेक थेंब बघितला. सगळे निर्मळ. मुंबईच्या ऑक्टोबरनं तीन दिवसांत माझे सगळे स्फटिक, भुगा का असेना, विरघळवून टाकले होते.

"वाट लागली ना यार तुझी," रेश्मा हळूच म्हणाली. "कोणी बंद केलं?"

सर मागेच उभे होते. त्यांनीही तेच विचारलं, मोठ्यानं.

"मी बंद केलं, साहेब," काका म्हणाले. हातातलं फडकं त्यांनी घडी करून टेबलावर ठेवलं.

"पाच वर्षांचं काम आहे, परब! तुम्हाला एवढं कळत नाही? पूजा घरी करा!"

काका माझ्याकडे बघतील असं वाटलं. नाही बघितलं. पाटी नव्हती, एवढं तरी म्हणतील असं वाटलं. तेही नाही म्हणाले. माझ्या खांद्यावर बॅग होती, बॅगेत पुठ्ठा होता, तोंडात जीभ होती. मी काहीही बोलले नाही. फेलोशिप संपत आली होती, सर आधीच नाराज होते, आत्ता नको, उद्या सांगू असं वाटलं. उद्याचे परवा झाले. दिवाळीच्या आत आमच्या विभागाकडून नाव गेलं ते तळमजल्यावरच्या दुसऱ्या अटेंडंटचं. काका परत जुन्या शर्टात यायला लागले.

इतकं होऊनही त्यांनी माझ्या काचा पुसणं बंद केलं नाही. तेव्हापासून कपाटातच पडून असलेल्या त्या थाळ्या दिवाळीनंतर मी न बघताच धुवायला टाकल्या, तर त्यांनी त्या सिंकमधून उचलून परत माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "थांब गो, इतक्यात धुवूक टाकू नको. विरघळलेलो पाक हलवलो की बिघडता. जरा पडान रवांदे."

"काका, हा पाक नाहीये."

"माका काय ठावक. पण पडान रवांदे."

त्यांच्याशी वाद घालायचा मला हक्क उरला नव्हता, म्हणून मी थाळ्या परत कपाटात ठेवल्या. पंधरा दिवसांनी सहज बघितलं तर चार थेंबांत एकेकच स्फटिक होता. एकटा, जाड, कडा अशा की जणू कुणी तासून दिल्यात. सगळं विरघळून, मग सावकाश थंड होताना, जागा मोकळी मिळाली होती. मी खुर्चीवर बसून रडले. रेश्माला वाटलं आनंदानं.

पुढचं सगळं भराभर झालं. स्फटिकांत औषध मुरवलं, ते गोठवून दूरच्या मोठ्या यंत्राकडे पाठवले, ठिपके आले, नकाशा आला. आणि त्यात सगळं लख्ख दिसलं. विकरानं औषधाचं कडं तोडून त्याचा हात धरून ठेवला होता. आणि शेजारी, नकाशात लहानशा फुग्याएवढा, पाण्याचा एक रेणू उभा होता. खरं सोडवायचं काम त्याचं. विकर औषधाला पकडतं, पण ती पकड सुटते पाण्याच्या त्या रेणूमुळे, आणि मगच विकर दुसरं औषध मोडायला मोकळं होतं. त्या रेणूला पुढे ढकलणारा अवयव आम्ही बदलला होता, म्हणून तो आपला जागच्या जागी थांबून राहिला होता. आधीच्या धुरकट नकाशांत तो कधी दिसलाच नव्हता. एवढा लहान, आणि त्याच्याशिवाय पुढे काहीच नाही.

फेब्रुवारीत सरांच्या केबिनमध्ये निबंध लिहायला बसलो. सर खुशीत होते. कृतीच्या भागाशी आल्यावर म्हणाले, "इथे लिही, थाळ्या तीन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवल्या. कशा ते लिहायची गरज नाही." मी टाइप केलं. वाचलं. वाक्यात कर्ताच नव्हता. ठेवल्या. कुणी? मी जणू ठरवून ठेवल्या असाव्यात, असं ते वाचताना वाटत होतं. यश आलं तर माझं आणि नुकसान झालं तर परबांचं, असा तो हिशेब होता. मी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पुठ्ठा काढला आणि कीबोर्डवर ठेवला.

सरांनी तो उलटसुलट करून बघितला. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, सर."

त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. "मीही विचारलं नाही," म्हणाले. "पाटी होती का, एवढं तरी विचारायला हवं होतं." त्या दिवशीच त्यांनी नवं पत्र लिहिलं. यादी बंद झाली होती. काकांचं नाव पुढच्या दसऱ्यानंतर लागलं. त्यांनी पेढे वाटले तेव्हा मला दोन दिले. एका वर्षाचा उशीर, आणि तो माझ्यामुळे. मला त्याची आजही लाज वाटते. सरांनी त्यांना सगळं सांगितलं असणार, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. मग मी संस्था सोडली, काका निवृत्त झाले, आणि आमच्यात दसऱ्याच्या शुभेच्छांचा एक फोन तेवढा उरला.

आता मी घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवते. लहानशी प्रयोगशाळा, एकच थंड कपाट, दोन विद्यार्थिनी. तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला तो कपाटावर लागतो. आमच्याकडे पूजा करून बटण बंद करणारं कुणी नाही, तरी लागतो.

त्या ईमेलच्या दिवशी संध्याकाळी मी काकांना फोन लावला. ते चेंबूरला मुलीकडे असतात. म्हटलं, "काका, परदेशात लोक आता यंत्राला तीन दिवस आराम देतात. तुमच्यामुळे."

"मगे? तिकडची मशिना दमत नायत काय?"

मी हसले आणि हसता हसता बोलून टाकलं, जे इतकी वर्षं बोलले नव्हते. "काका, तेव्हा तुम्ही सरांना का नाही सांगितलंत? पाटी मी विसरले होते."

"पाटी दिसली नाय म्हणान तुका फोन केलंय त्या दिसा. लागलो नाय. मगे माका वाटला, ह्या पोरीन ह्या वर्षी आपणहून मशिनीक सुट्टी दिल्यान. तुमच्यात पूजा नसता, तरी माझ्या पूजेक मान दिल्यान. लय बरा वाटला गो. आता असो मान दिलेलो माणूस सायबासमोर कसो उघडो पाडू?"

मी झेंडूची पिशवी परातीत रिकामी केली.

"मगे सायबांनी सांगल्यानी, तू इसारलं होतंस म्हणान," ते म्हणाले. "चलता. पण त्या तीन दिसांत माका बरा वाटला होता, ता काय खोटा नाय."

त्या मुलीला मी उत्तर लिहिलं. तीनच का, तर आमच्याकडे या दिवसांत यंत्रांना सुट्टी देणारे एक काका होते, आणि तेव्हा सुट्टी तीन दिवसांची आली. बाकी कारण मला ठाऊक नाही. दोनावर आणू नकोस, एवढंच सांगते.

आज खंडेनवमी. विद्यार्थिनींच्या थाळ्या मी सकाळीच शेजारच्या विभागाच्या कपाटात नेऊन ठेवल्या. आमचं कपाट रिकामं करून ओल्या फडक्यानं पुसलं, आतून, बाहेरून, मागची जाळीसुद्धा. कुंकू नाही लावलं. पाटी ड्रॉवरमध्येच राहू दिली. बटण बंद केलं, घरघर थांबली, आणि मी चेंबूरला फोन लावला.

"काका, पाटी लावली नाही. आणि या वेळी विसरले नाहीये."

"फूल ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"ठेवलं, काका."